दूध, गोकुळ आणि तिसरी ओळ

काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी उमटल्या आणि त्यांच्या शेवटी एक बारीक रेघ उघडझाप करत बसली. धुडकू आप्पांनी स्विच बंद केला, चालू केला, परत बंद केला, परत चालू केला. तेच. शेवटी त्यांनी संगणकाच्या डब्याला कानाखाली द्यावी तशी एक ठेवून दिली. त्यानं डब्याला घातलेल्या माळेतलं एक झेंडूचं फूल तेवढं गळून पडलं.

"काय करं तू याले?" त्यांनी बायकोला विचारलं.

सिंधुबाई दारातच उभ्या होत्या. "मी फक्त धूळ पुसी, कुंकू लावं," त्या म्हणाल्या. "वर्सभर राबस ते. त्याले बी दसरा पाह्यजे ना."

आता या बोलण्याला उत्तर काय देणार? सकाळचं दूध घेऊन झालं तेव्हा हेच मशीन धडधाकट होतं. आप्पा जेवून जरा लवंडले, आणि तेवढ्यात सिंधुबाईंनी विळे, कोयते, फवारणीचा पंप, मोटारसायकल असं घरातलं सगळं राबणारं लोखंड धुऊन-पुसून पूजलं. मोटारसायकल पूजेनंतर सुरू झाली. पंपही झाला असता. हा एकटाच देव कोपला होता, आणि तोही नेमका ज्याच्याशिवाय संध्याकाळ निभायची नाही तो.

कारण आप्पांच्या घराच्या पुढच्या खोलीत गावाचं दूध जमा होतं. सकाळ-संध्याकाळ बाया-माणसं किटल्या घेऊन ओट्यावर रांग लावतात. वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र, दोन्ही या संगणकाला जोडलेली. किटली काट्यावर ठेवली की आकडा पडद्यावर येतो आणि पावती बाहेर पडते. पावती असली की डेअरीची गाडी मुकाट्यानं दूध उचलते. नसली की गाडीवाला स्वतःच्या अंदाजानं फॅट लावतो, भाव त्यावरच ठरतो, आणि त्याचा अंदाज आजवर कधी शेतकऱ्याच्या बाजूनं गेलेला नाही. मग गाव गाडीवाल्याला शिव्या देत नाही, आप्पांना देतं.

त्यातून हे मशीन साधंसुधं नव्हतं. त्या एका डब्यात तीन बिऱ्हाडं राहत होती. दुधाचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, म्हणून एक बिऱ्हाड जुन्या विंडोजचं. दुसरं नव्या विंडोजचं. ते आप्पांच्या मुलाचं, गोकुळचं. तो सुरतेला नोकरीला, सुटीत आला की त्यावर काहीबाही करत बसायचा. आणि तिसरं होतं लिनक्स नावाचं. त्या तिसऱ्या बिऱ्हाडाबद्दल या घरात बोलत नसत. स्विच दाबला की आधी तिघांची यादी यायची, थोडा वेळ थांबायची, आणि कुणी काही दाबलं नाही तर पहिल्या ओळीवरून आपोआप दुधाचं काम सुरू व्हायचं. आज ती यादीच येत नव्हती.

आप्पांनी गोकुळला फोन लावला. तिकडे सुरतेत दसऱ्याचा फाफडा-जिलेबीचा बेत चालू होता. तोंडातला फाफडा न संपवताच गोकुळनं आप्पांना कीबोर्डाच्या वरच्या रांगेतलं एकेक बटण दाबायला लावलं. एक दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, निळा पडदा आला, आप्पा घाबरले, गोकुळ म्हणाला त्यातून बाहेर या, बाहेर कसं यायचं ते त्याला आठवेना. मग व्हिडिओ कॉल झाला. त्यात गोकुळला बापाचा अंगठा, छताचा पंखा आणि आईची साडी एवढं दिसलं. फोन हलवू नका म्हणून तो ओरडला, आप्पा म्हणाले फोन धरू की बटण दाबू, मला काय चार हात आहेत?

"आप्पा, बठ्ठं उडाई टाका," गोकुळ शेवटी कंटाळून म्हणाला. "एकच ठेवा."

आप्पांनी फोन कट केला. सुरतेत बसून सगळं उडवायला काय जातं. पोराला शिकवलं, नोकरीला लावलं, आणि अडीअडचणीला त्याच्याजवळ एकच औषध, उडवून टाका. उद्या बाप आजारी पडला तरी हा हेच सांगेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःच्याच विचाराचा राग आला.

मग शहाद्याहून भिलाला बोलावलं. एसटी स्टँडजवळ त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. दसऱ्याच्या दिवशी दुकान बंद होतं, पण सिंधुबाईंच्या माहेरच्या नात्यातला, त्यामुळे नाही म्हणता येईना. आला तो नवा शर्ट घालून, बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून. इथून पुढे त्यांना सासरवाडीला जायचं होतं. आल्या आल्या त्यानं आपट्याची पानं आप्पांच्या हातात ठेवली, पाया पडला, सिंधुबाईंच्या पाया पडला, चहा घेतला, बायकोनं घेतला. आप्पांना सोनं नको होतं, यादी हवी होती. ते मशीनशेजारी उभे राहून भिलाच्या बशीतला चहा संपायची वाट बघत होते.

भिला खुर्चीवर बसला. एक पेन ड्राइव्ह लावला, काढला, परत लावला. अनोळखी माणसानं भररस्त्यात नावानं हाक मारल्यावर पाहावं, तसं त्यानं त्या दोन इंग्रजी ओळींकडे पाहिलं. मग तो मागे रेलला. म्हणाला, असली यादी आमच्याकडं कुणी टाकत नाही. आत दोन डिस्क आहेत म्हणता, मला एकच दिसते. दुसरी गेलेली दिसते. डबा उघडून बघू का म्हणायच्या आत त्याच्या बायकोनं घड्याळाकडं पाहिलं.

"आप्पा, हाई मन्हा कामनं नही," तो म्हणाला. "ज्यानी बसाडं त्यालेच बलावा. नहीतर मी बठ्ठं उडाई देसू, नवं टाकी देसू."

आणि दुधाचं सॉफ्टवेअर? ते नवं घ्यावं लागेल. कधी? दिवाळीनंतर बघू. दिवाळीपर्यंत म्हशींना काय सुटी द्यायची का, असं आप्पांनी विचारलं, त्यावर भिला हसला. विनोद समजला असावा. आणि हसत हसतच त्यानं बोटं कीबोर्डवर ठेवली. निदान उडवायचं काम आत्ता करून ठेवतो, म्हणाला.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. इतकं जोरात की भिलानं चमकून वर पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

खरं म्हणजे त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते तिसरं बिऱ्हाड घरातून जावं असं त्यांनीच कितीदा मनात म्हटलं होतं. सकाळी स्विच दाबला की ते मापं विसळायला बाहेर जायचे ते काही मापं घाण असायची म्हणून नव्हे. ती यादी डोळ्यांपुढून जाईपर्यंत बाहेर राहायचं, आणि दूध सुरू झालं की आत यायचं. पण आता कुणीतरी परका, नवा शर्ट घातलेला, ती ओळ एका बोटानं पुसून सासरवाडीला निघून जाणार म्हटल्यावर ते त्यांना चालेना. भिला गेला. जाताना संक्रांतीपर्यंत सगळं नीट होईल असा काहीतरी आशीर्वाद त्यानंच आप्पांना दिला.

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सिंधुबाईंनी कपबशा उचलल्या. मग म्हणाल्या, "जिनी बसाडं तिले विचारा."

"ते सोडी बोल," आप्पा म्हणाले.

सिंधुबाई सोडून काही बोलल्या नाहीत, आणि धरूनही बोलल्या नाहीत. आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या. दोन वर्षं हेच चाललं होतं.

ती म्हणजे संध्या. त्यांची लेक, गोकुळपेक्षा धाकटी आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ हुशार. संगणकाचं शिकायला धुळ्याला गेली, सुटीत आली तेव्हा तिनंच हा डबा उघडून त्यात दुसरी डिस्क बसवली, जुनं न मोडता नवं घातलं आणि मराठी नावांची ती यादी करून दिली. तेव्हा आप्पा गावात सांगत फिरत होते की माझ्या पोरीनं एका मशीनची तीन मशीनं केली. पुढं ती नंदुरबारला एका कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथंच शिकवणाऱ्या चंदनशी तिनं लग्न केलं. चंदन सातपुड्यातला, धडगावच्या बाजूचा, पावरा आदिवासी. बस्स. त्याच्यात खोट काढायला आप्पांना दुसरं काही सापडलं नाही, आणि दुसरं काही शोधायची भावकीला गरज वाटली नाही.

भावकीची बैठक बसली. कुणी म्हणालं आपल्या पोरींची लग्नं कशी व्हायची, कुणी म्हणालं आप्पांसारख्या पाटलानं आज गप्प बसून चालायचं नाही. त्या बैठकीतून उठून आप्पा विहिरीवर गेले आणि तिच्या नावानं आंघोळ करून आले. माणूस मेल्यावर करतात ती. जिवंत लेकीच्या नावानं. त्यानंतर चंदनचा बाप, वाहरू, सीताफळांची पाटी डोक्यावर घेऊन एसटीनं आला होता. ओट्याखाली उभा राहून म्हणाला की पोरांचं झालं ते झालं, आपण बोलू. आप्पांनी त्याला वर बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. पाटी तशीच उचलून तो परत गेला. भावकीनं पाठ थोपटली. त्या दिवसापासून आजपर्यंत आप्पांनी लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि न काढण्याची त्यांना आता इतकी सवय झाली होती की ती सवय मोडायची कशी हेच त्यांना कळत नव्हतं.

ऊन कललं. ओट्यावर पहिली किटली वाजली.

गजराबाई आली होती. तिच्या मागं दोघी, त्यांच्यामागं भावकीतले दोघं-तिघं, आणि सणाचा दिवस म्हणून सगळ्यांनाच घाई. सीमोल्लंघनाला जायचं, देवळात जायचं, घरोघर सोनं वाटायचं. आप्पांनी सांगितलं की मशीन बंद आहे, जरा थांबा. लोक थांबले. जरा झालं, आणखी जरा झालं. कुणीतरी म्हणालं की हातानंच मोजून घ्या, दुसरा म्हणाला मग पावती कोण देणार, तिसरा म्हणाला मागं एकदा असंच झालं तेव्हा गाडीवाल्यानं म्हशीच्या दुधाला गायीचं फॅट लावलं होतं. आप्पा आत जाऊन स्विच दाबायचे, बाहेर येऊन जरा थांबा म्हणायचे, परत आत जायचे.

"आप्पा, दूध नासी जाई," गजराबाई म्हणाली.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. आप्पा आत आले, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि भिंतीकडं बघत म्हणाले की नंबर दे.

सिंधुबाईंनी पदराला हात पुसले, मोबाईल काढला, बटण दाबलं आणि त्यांच्या हातात दिला. पडद्यावर लिहिलेलं होतं, गॅसवाला. आप्पा बघतच राहिले. गेली दोन वर्षं हा गॅसवाला दिवसाआड फोन करत होता. दोन माणसांच्या घरात इतका गॅस जळतो कशाला म्हणून त्यांनी शेगडी तपासून घेतली होती, एजन्सी बदलायची धमकी दिली होती. संतापायचं की हसायचं हे ठरायच्या आत पलीकडून आवाज आला.

"हां माय, बोल."

या वेळी बोलायला म्हणून त्यांनी दोन वर्षांत मनातल्या मनात कितीतरी वाक्यं रचली होती. काही फार कडक होती, काही रडवेली. त्यातलं एकही आठवेना.

"मशीन चालू नही व्हई ऱ्हायनं," ते म्हणाले.

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. मग परत आवाज आला, जरा घोगरा.

"स्क्रीनवर काय लिखेल शे?"

ना कसे आहात, ना रडणं, ना टोमणा. आप्पांना हायसं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. खुर्चीवर बसून ते एकेक अक्षर वाचू लागले. ई. आर. परत आर. ती म्हणाली पुरा शब्द सांगा. आप्पा म्हणाले की पुरा शब्द वाचता आला असता तर फोन कशाला केला असता. ती म्हणाली बरं, चिडू नका. आप्पा म्हणाले की मी चिडलेलो नाही, तूच चिडली आहेस. दोघंही एकाच पट्टीत चिडले होते. रागाचं ते वाण घरचंच होतं. सिंधुबाई दारात उभ्या राहून एकाच बाजूचं बोलणं ऐकत होत्या आणि तेवढ्यावरही त्यांचे डोळे भरून आले होते.

संध्यानं त्यांना दोन अक्षरं आणि एंटर दाबायला सांगितलं. आप्पांनी शोधून शोधून ती दाबली. उत्तरादाखल मशीननं कंसातले दोन शब्द टाकले. दोन्हीत एच, डी आणि शून्य होतं.

"एच-डी-वन कोठे दिसस का?"

"नही."

"पूजा कोनी करी?"

"तुन्ही मायनी."

"कुंकू कोठे लावं तिनी?"

आप्पांनी मान वळवून सिंधुबाईंना विचारलं. सिंधुबाईंनी आधी पदर सारखा केला. मग त्यांनी कबूल केलं की डब्याचं झाकण काढलं होतं. आत दोन चंदेरी पेट्या दिसल्या, त्याच खऱ्या मूर्ती असणार असं वाटलं, म्हणून धूळ पुसायला वायरी काढल्या, दोघींना हळदकुंकू वाहिलं आणि वायरी होत्या तशा परत खुपसल्या. जिथं वायर शिरते तिथंही चिमूटभर वाहिलं, कारण जोर तिथूनच येत असणार.

फोनवर ते सगळं ऐकू गेलं होतं. संध्या हसली नाही, पण तिचा आवाज मऊ झाला. यादीचा पहिला अर्धा भाग एका डिस्कवर आहे, म्हणाली, आणि उरलेला दुसरीवर. दुसरी दिसत नाही म्हणून मशीन अर्धीच यादी घेऊन उभं आहे. काही गेलेलं नाही, काही मेलेलं नाही. स्विच बंद करा, प्लग काढा, झाकण काढा.

आप्पांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. दुसऱ्या पेटीची चपटी वायर ओढली तर ती बोट लागताच सुटून आली, आणि तिच्या तोंडातून कुंकू सांडलं. फुंकर मारा, ती म्हणाली. पाणी नको. त्यांनी फुंकर मारली, दाढीच्या कोरड्या ब्रशनं खाच साफ केली, परत फुंकर मारली. वायर आत ढकलली. अजून दाबा, ती म्हणाली, कट्ट वाजेपर्यंत. ती लहान असताना तिला सायकल शिकवताना ते असेच मागून ओरडायचे, अजून मार, अजून मार. आता ती सांगत होती आणि ते ऐकत होते, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता याचंच त्यांना नवल वाटत होतं.

वायर कट्ट वाजली. त्यांनी प्लग लावला, स्विच दाबला. आणि या खेपेला ते मापं विसळायला गेले नाहीत.

"काय उनं?"

"यादी उनी."

"वाचा."

"पहिली, दूध," आप्पा म्हणाले. "दुसरी, गोकुळ."

ते थांबले. ओट्यावर किटल्यांचा आवाज चालला होता, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"तिसरी उडाई टाकी का?" तिनं विचारलं. अगदी हळू विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

"नही," आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं एवढं पुरेल. पुरलं नाही. "तुन्हं नाव शे."

पडद्यावरची यादी गेली आणि दुधाचं काम आपोआप सुरू झालं. काट्याचं शून्य लागलं. आप्पा तरी तिथंच बघत बसले.

"मंग बरोबर शे," ती म्हणाली. मग लोक उभे असतील, आधी दूध घ्या, असं काहीतरी म्हणाली. आप्पांनी फोन सिंधुबाईंच्या हातात दिला आणि खोलीचं दार उघडलं.

रांग आता गल्लीपर्यंत गेली होती. आत काट्याचा लाल आकडा पेटलेला सगळ्यांना दिसला. भावकीतले ते दोघं-तिघं ओट्याच्या कडेला टेकून उभे होते.

"कोनी सुधारं, आप्पा?" गजराबाईनं विचारलं. "भिला ते कवयनाच गया."

"संध्यानी," आप्पा म्हणाले.

कडेला टेकलेले सरळ उभे राहिले. आप्पांनी कुणाकडं पाहिलं नाही आणि नजर चुकवलीही नाही. गजराबाईच्या हातातली किटली घेतली आणि काट्यावर ठेवली.